चेरी काउंटी, नेब्रास्का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकनला, राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी आम्ही साउथ डकोटातले बॅडलँड्स बघायला निघालो आणि वाटेत व्हॅलेंटाइन नावाच्या गावात मुक्काम केला. बॅडलँड्स एकदाच बघून झाले, पण व्हॅलेंटाइनच्या आसपास मी पुढची कित्येक वर्षं फिरत राहिलो. ओळखीचं कुणी त्या रस्त्याने जाणार असलं की फोन येतो, आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. "तिथे काहीच नाही हो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. ते खरं नाही, आणि ते का खरं नाही हे सांगावं अशी मनापासून इच्छा आहे.

चेरी काउंटी आहे कुठे आणि किती मोठी?

नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेवर, साउथ डकोटाला लागून. ओमाहाहून व्हॅलेंटाइन सुमारे ४८० किलोमीटर. क्षेत्रफळ १५,५६५ चौरस किलोमीटर, म्हणजे नेब्रास्कातली सर्वांत मोठी काउंटी. अख्खं कनेक्टिकट राज्य तिच्यात मावेल.

आपल्या लोकांना सांगताना मी पुणे जिल्ह्याचं माप देतो, कारण दोन्ही क्षेत्रफळं जवळजवळ सारखी आहेत. पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर. भोरपासून जुन्नरपर्यंत आणि मुळशीपासून इंदापूरपर्यंतचा सगळा मुलूख डोळ्यांसमोर आणा. २०११ च्या जनगणनेत तिथे ९४ लाखांवर माणसं होती. चेरी काउंटीत २०२० मध्ये होती ५,४५५. तीन चौरस किलोमीटरला एक माणूस, आणि त्यातलीही निम्मी एकट्या व्हॅलेंटाइन गावात. बाकीचा पसारा उरलेल्या निम्म्यांचा.

काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना?

समजायला सोपं म्हणून तसं म्हणा, पण कारभार वेगळा. आपल्याकडे कलेक्टर सरकार नेमतं. इथे काउंटीचे कमिशनर, शेरीफ, खजिनदार, जमिनीची आकारणी करणारा अधिकारी, सगळे मतदानाने निवडून येतात. रस्त्यावर कुठे मुरूम टाकायचा, जमिनीवर कर किती बसवायचा, हे शेजारचाच माणूस ठरवतो आणि त्याला त्याचा जाब बाजारात भेटल्यावर द्यावा लागतो.

नेब्रास्कात अशा ९३ काउंट्या आहेत. बहुतेक ठिकाणी गाडीच्या नंबरपाटीवर काउंटीचा आकडा पहिला येतो, आपल्या एमएच १२ सारखा. १९२२ मध्ये कुठल्या काउंटीत किती गाड्या होत्या त्यावरून हे क्रमांक पडले. चेरीचा ६६. ओमाहाच्या पार्किंगमध्ये ६६ ची पाटी दिसली की मला अजूनही गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

चेरी हे नाव फळावरून पडलं का? आणि व्हॅलेंटाइन प्रेमदिनावरून?

दोन्ही नाही. सॅम्युएल चेरी हा घोडदळातला तरुण लेफ्टनंट. १८८१ च्या मे महिन्यात दरोडेखोरांच्या मागावर असताना त्याच्याच तुकडीतल्या एका शिपायाने त्याला गोळी घातली. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, काउंटी स्थापन झाली तेव्हा तिला त्याचं नाव दिलं. व्हॅलेंटाइन हे एडवर्ड व्हॅलेंटाइन या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याचं आडनाव.

आता मात्र गावाने ते नाव हौसेने मिरवलं आहे. रस्त्यांच्या पाट्यांवर लाल बदाम आहेत, आणि फेब्रुवारीत देशभरातून लोक आपली पत्रं इथल्या पोस्टाचा खास शिक्का मारून घेण्यासाठी पाठवतात.

हे वाळवंट आहे का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बाकीची बरीच उत्तरं यातूनच निघतात.

काउंटीचा बहुतेक भाग सँडहिल्समध्ये येतो. सँडहिल्स म्हणजे खरोखरच वाळूच्या टेकड्या, सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरवर पसरलेल्या. पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा प्रदेश. काही टेकड्या १२० मीटरपर्यंत उंच आहेत. पण वाळू दिसत नाही, कारण तिच्यावर गवत आहे. मैलोन्‌मैल गवत. जूनमध्ये हिरवं, सप्टेंबरनंतर तांबूस, आणि वारा आला की सगळी टेकडी अंगावर शहारा आल्यासारखी हलते.

हे गवत एखाद्या कातड्यासारखं आहे. मुळं वाळूला धरून ठेवतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षण पडलं, गवत मेलं आणि या टेकड्या पुन्हा चालू लागल्या, असं भूगर्भशास्त्रज्ञांना आढळलं आहे. आजही एखाद्या ठिकाणी गुरांनी वाट जास्त तुडवली किंवा गाडीच्या चाकांनी गवत फाटलं, की वारा तिथे बोट घालतो आणि बघता बघता खड्डा पडतो. तिथले लोक त्याला 'ब्लोआउट' म्हणतात. एका ब्लोआउटच्या काठावर मी बसून बघितलं आहे. काठाची कड जेमतेम वीतभर जाड, तिच्यातून मुळांच्या बारीक दोऱ्या लोंबत होत्या, आणि त्या दोऱ्यांखालून वाळू सतत, अगदी आवाज न करता, घरंगळत होती. मूठभर उचलली तर बोटांमधून पिठासारखी गेली. चिकटून राहील असा मातीचा कणही त्यात नव्हता. असे खड्डे बुजवायला लोक जुने टायर टाकतात, खराब झालेलं वाळकं गवत पसरतात, कुंपण घालून गुरं लांब ठेवतात, आणि वर्षानुवर्षं वाट बघतात.

गंमत म्हणजे फक्त अशाच उघड्या वाळूत वाढणारं ब्लोआउट पेन्स्टेमन नावाचं निळसर-जांभळ्या फुलांचं झुडूप आहे. ते नामशेष झालं असं मानलं जात होतं, १९६८ मध्ये पुन्हा सापडलं.

वाळू आहे तर पाणी कुठून येतं?

खालून. वर्षाला पाऊस साधारण २० इंच. तेवढ्या पावसात आपल्याकडे सोलापूर-सांगोल्याच्या बाजूला टँकर फिरतात. पण इथे पडलेला थेंब वाहून जात नाही, वाळूत मुरतो. खाली ओगालाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे आणि सँडहिल्सखाली तो फार जाड आहे. दोन टेकड्यांमधल्या सखल जागी भूजलाची पातळी थेट जमिनीशी येते. तिथे तळी होतात, पाणथळ कुरणं होतात आणि जनावरांसाठी हिवाळ्याचं गवत कापलं जातं.

नद्याही अशाच झऱ्यांवर जगतात, त्यामुळे त्यांना ना मोठा पूर येतो ना त्या आटतात. उंचवट्यावरच्या कुरणांत अजून लोखंडी पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्यावर पातं फिरतं, पाणी वर येतं आणि हौदात पडतं. भर उन्हात मी त्या नळीखाली ओंजळ धरली होती. पाणी विहिरीच्या तळासारखं गार.

गोरे लोक येण्याआधी तिथे कोण होतं?

हा मुलूख लाकोटा लोकांच्या शिकारीचा. त्यांच्याआधी आणि त्यांच्यासोबत पॉनी लोकही इथे बायसनच्या, म्हणजे रानरेड्यांसारख्या जंगली गुरांच्या, मागे येत. नायोब्रारा नदीच्या खालच्या अंगाला पोंका लोकांची वस्ती होती. 'नायोब्रारा' हा शब्द त्यांच्या भाषेतल्या 'पसरत जाणारं पाणी' अशा अर्थाच्या नावावरून आला.

१८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात लाकोटांचा इथला शिकारीचा हक्क मान्य झाला होता. दहा वर्षांच्या आत तोही गेला. त्यांना उत्तरेला, आजच्या साउथ डकोटात, रोझबड आणि पाइन रिज या राखीव भागांत बसवलं, आणि रोझबडवर नजर ठेवायला १८८० मध्ये व्हॅलेंटाइनजवळ फोर्ट नायोब्रारा बांधला. इथे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीही होत्या, नववं घोडदळ आणि पुढे पंचविसावं पायदळ. १९०६ मध्ये किल्ला बंद झाला.

रोझबड व्हॅलेंटाइनपासून इतकं जवळ आहे की तिथली सिकांगू शाखेची लाकोटा माणसं बाजाराला, दवाखान्याला इथे येतात. काउंटीच्या लोकसंख्येत गोऱ्यांच्या खालोखाल तेच आहेत. या काउंटीचा इतिहास १८८३ पासून सांगणारं कुणी भेटलं तर त्याला अगोदरचं विचारा.

मग गुरं कशी आली?

सुरुवातीला पशुपालकांना या टेकड्यांची भीती वाटत असे. आत गेलेलं जनावर परत येत नाही, माणूसही वाट चुकतो, अशी समजूत. १८७९ च्या वसंतात मोठं हिमवादळ झालं आणि नायोब्राराकाठच्या एका रँचची, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या मळ्याची, गुरं वाऱ्यापुढे पळत दक्षिणेला टेकड्यांत शिरली. नाइलाजाने काउबॉय मागे गेले. आपली गुरं मेलेली सापडतील असं त्यांना वाटलं होतं. सापडली ती धडधाकट, आणि त्यांच्याबरोबर आधीच्या वर्षांत हरवलेली, माणसाचा हातही न लागलेली अशी धष्टपुष्ट जनावरं. टेकड्यांच्या आडोशाला थंडी कमी, खाली गवत, जागोजाग पाणी. तिथून भीती संपली.

१८८३ मध्ये रेल्वे व्हॅलेंटाइनला पोचली आणि गुरं गाडीत भरून पूर्वेला जाऊ लागली. आज मांसासाठी पाळलेल्या गायींच्या संख्येत चेरी काउंटी साऱ्या अमेरिकेत अव्वल मानली जाते. लाखाहून जास्त गायी, म्हणजे माणसामागे कितीतरी पट.

किंकेड कायदा म्हणजे काय? लोक अजून त्याचं नाव का काढतात?

कारण काउंटीतल्या बहुतेक जुन्या घराण्यांची कहाणी तिथून सुरू होते.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला १६० एकर फुकट मिळत. आपल्या हिशेबाने केवढी जमीन! पण सँडहिल्समध्ये नांगर घातला की कातडं फाटतं, आणि नुसतं चरायचं म्हटलं तर एका गायीला वासरासकट पंधरा-वीस एकर लागतात. १६० एकरांत आठ-दहा गायी, त्यावर घर चालत नाही. त्यामुळे सरकारी जमीन तशीच पडून राहिली, आणि मोठ्या रँचवाल्यांनी तिला काटेरी तारांचं कुंपण घालून आपली म्हणून वापरली. काहींनी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या विधवांच्या नावे दावे भरून जमिनी लाटल्या.

यातलं गाजलेलं प्रकरण स्पेड रँचचं. मालक बार्टलेट रिचर्ड्स आणि त्याचा भागीदार यांना १९०५ मध्ये बेकायदा कुंपणाबद्दल ३०० डॉलर दंड आणि सहा तासांची कोठडी एवढीच शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट भडकले. पुन्हा खटला चालला, या वेळी वर्षभराची कैद झाली, आणि ती भोगत असतानाच १९११ मध्ये रिचर्ड्स वारला.

मोझेस किंकेड हे नेब्रास्काचे काँग्रेस सदस्य. त्यांच्या १९०४ च्या कायद्याने वायव्य नेब्रास्काच्या ३७ काउंट्यांत कुटुंबाला ६४० एकर, म्हणजे पुरा एक चौरस मैल मिळू लागला. अट अशी की पाच वर्षं राहायचं आणि एकरी सव्वा डॉलरची सुधारणा करून दाखवायची. माणसांचा लोंढा आला. लाकूड नव्हतं, म्हणून गवताच्या मुळांसकट जमिनीचे चिरे कापून त्यांची घरं रचली. जळण नव्हतं, म्हणून बाया-मुलं माळावर रानशेणी वेचत हिंडली. या एका तपशिलाने ती माणसं मला एकदम जवळची वाटली. रानशेणी हा शब्द इंग्रजीत समजावायला वेळ लागतो, पण तिथल्या एका वृद्ध बाईंना मी सांगायला लागलो तर वाक्य पुरं व्हायच्या आतच त्या म्हणाल्या की आमची आजी हेच करायची.

डेविट्टी गावाबद्दल वाचलं. ते आता नकाशावर का नाही?

किंकेड कायद्याने आलेल्यांत कृष्णवर्णीय कुटुंबंही होती. काहींचे पूर्वज गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेले, तिथून नेब्रास्कातल्या ओव्हरटनला आलेले. १९०७ पासून ती नॉर्थ लूप नदीच्या काठी, ब्राउनली गावाच्या वरच्या अंगाला वसली. पोस्टमास्तरच्या आडनावावरून गाव डेविट्टी झालं, पुढे नाव बदलून 'ऑडेशस' ठेवलं, म्हणजे धाडसी. शाळा, चर्च, बेसबॉलचा संघ, सगळं होतं. ग्रामीण नेब्रास्कातली ही कृष्णवर्णीयांची सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त टिकलेली वसाहत.

नदीकाठची चांगली जमीन आधीच गेलेली होती, वाट्याला आली ती वरची वाळू. गुरांचे भाव पडले आणि १९३० च्या दशकात शेवटची कुटुंबंही निघून गेली. २०१६ मध्ये हायवे ८३ वर माहितीचा फलक लागला. त्या फलकापाशी गाडी थांबवाच. तिथून दिसतं फक्त गवत, पण नाव वाचून बघितलं की ते गवत वेगळं दिसतं.

लोकसंख्या इतकी कमी का झाली?

आकडे बघा. १९०० मध्ये ६,५४१. किंकेड कायद्यानंतर १९१० मध्ये १०,४१४, आणि १९२० मध्ये ११,७५३. हा कळस. १९५० मध्ये ८,३९७, २००० मध्ये ६,१४८, आणि २०२० मध्ये ५,४५५. शंभर वर्षांत निम्म्याहून कमी.

बरेच जण याला ऱ्हास म्हणतात. मला ते पटत नाही. पंधरा-वीस एकरांचा तोच हिशेब ६४० ला लावा, तीस-चाळीस गायी होतात. एवढ्यावर एक घर कसंबसं चालतं, आणि एक दुष्काळ किंवा भावाची एक पडझड आली की मोडतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी मापच चुकीचं धरलं होतं. लोक विकून गेले, शेजाऱ्याने ते घेतलं, आणि रँच पुन्हा हजारो एकरांच्या झाल्या. वाळूला जेवढी माणसं आणि जनावरं झेपतात, तिथवर काउंटी परत आली.

पण याची किंमत खरी आहे, ती लपवू नये. यंत्रांमुळे गडी कमी लागतात, तरुण मुलं लिंकन-ओमाहाला शिकायला जातात आणि तिथेच राहतात, जमिनीच्या किमती अशा की नव्या माणसाला विकत घेणं अशक्य.

मग उरलेले लोक शाळा, दुकान, दवाखाना कसं निभावतात?

दवाखाना आणि हायस्कूल व्हॅलेंटाइनला. लांबच्या रँचवरच्या मुलांसाठी अजूनही एक-दोन शिक्षकांच्या छोट्या ग्रामीण शाळा आहेत. राज्याने अशा शाळांची स्वतंत्र मंडळं बरखास्त करण्याचा कायदा केला तेव्हा २००६ मध्ये मतदारांनी तो उलटवला.

मला कौतुक आहे ते पश्चिमेकडच्या कोडी गावाचं. वस्ती दीडशेच्या आसपास. गावात किराणा मिळेनासा झाला, मीठ-साखरेलाही कितीतरी मैल जावं लागे. शेवटी शाळेतल्या मुलांनी गावकऱ्यांच्या मदतीने दुकान काढायचं ठरवलं. भिंती काडाच्या गठ्ठ्यांच्या, वरून लिंपलेल्या. २०१३ मध्ये सर्कल सी मार्केट उघडलं. हिशेब, मालाची मागणी, गल्ला, सगळं विद्यार्थी बघतात. मी तिथून दूध घेतलं तेव्हा गल्ल्यावर नववीतली असावी अशी मुलगी होती, आणि तिने सुट्टे पैसे दोनदा मोजून दिले.

एकाच काउंटीत दोन घड्याळं, हे खरं?

खरं. पूर्व भाग सेंट्रल वेळेवर, पश्चिम भाग माउंटन वेळेवर. व्हॅलेंटाइनला दहा वाजतात तेव्हा कोडीला नऊ. भेटीची वेळ ठरवताना 'कुठल्या घड्याळाने' हे विचारून घ्या.

वाळू आणि गवत सोडून बघण्यासारखं काय आहे?

नायोब्रारा नदी. तिच्या खोऱ्यात पश्चिमेचा पाँडेरोसा पाइन, पूर्वेचे ओक आणि उत्तरेचा बर्च एकाच दरीत उगवतात. १९९१ मध्ये नदीच्या ७६ मैलांना राष्ट्रीय निसर्गरम्य नदीचा दर्जा मिळाला. लोक कनू नावाच्या निमुळत्या होडीतून जातात, पण इथली खास मजा म्हणजे गुरांना पाणी पाजायच्या मोठ्या गोल टाकीत बसून, गोल गोल फिरत वाहत जाणं. वाटेत स्मिथ फॉल्स लागतो, राज्यातला सर्वांत उंच धबधबा, सुमारे ६३ फूट. सह्याद्रीतल्या माणसाला ही उंची काही वाटणार नाही, पण कोरड्या माळावरून येऊन त्या तुषारांत उभं राहा आणि मग बोला.

जुन्या किल्ल्याच्या जागी १९१२ पासून अभयारण्य आहे. सहा बायसनपासून वाढवलेला कळप आज काहीशेंचा आहे. रेल्वे १९९० च्या दशकात बंद झाली आणि तिच्या मार्गावर काउबॉय ट्रेल नावाची पायवाट झाली. व्हॅलेंटाइनजवळ तिचा सुमारे १५० फूट उंच, पाव मैल लांब पूल चालत ओलांडता येतो.

मेरिमनजवळ ईव्हा बाउरिंग यांची रँच आहे. १९५४ मध्ये त्या सेनेटवर नेमल्या गेल्या, तिथे नेब्रास्काचं प्रतिनिधित्व करणाऱ्या पहिल्या महिला. रँच त्यांनी राज्याला दिली आणि ती आता सर्वांना बघायला खुली आहे.

आणि रात्रीचं आकाश. मेरिट जलाशयावर १९९० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात आकाशनिरीक्षकांचा मेळावा भरतो. आकाशगंगेचा पट्टा इतका दाट दिसतो की आमच्या मुलीने पहिल्यांदा विचारलं होतं, "बाबा, तो ढग हलत का नाही?"

कधी जावं, आणि काय सांभाळावं?

मे अखेर ते सप्टेंबर उत्तम. एप्रिलमध्ये पहाटे प्रेअरी चिकन नावाच्या रानकोंबड्यांचे नर गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून नाचतात, तेवढ्यासाठी थंडी सोसायची तयारी असेल तर एप्रिल. हिवाळ्यात हवामान न बघता निघू नका. १९४९ च्या हिमवादळांत नेब्रास्कात अडकलेल्या गुरांसाठी विमानातून चारा टाकावा लागला होता.

व्हॅलेंटाइनहून दक्षिणेला थेडफोर्डपर्यंत सुमारे १०० किलोमीटर पंपाचा भरवसा नाही, टाकी भरून निघा. मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. वाळूच्या रस्त्यावर गाडी कडेला घेऊ नका, चाक रुतलं की तासभर कुणी येत नाही. माझं रुतलं होतं. शेवटी एक रँचवाले आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी लावून गाडी ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, आणि जाताना एकच गोष्ट बजावली: कुरणाचं फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेव, बंद सापडलं तर बंद कर. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो. तुम्हीही उचला.